तीन नंबर का मारत नाही?

इंजिन मिसिंग मारतं तेव्हा आपल्याला जे ऐकू येतं, ते खरं तर न घडलेलं असतं. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. गाडी जागेवर उभी असेल, पाय ॲक्सिलरेटरवर नसेल, तर क्रँक मिनिटाला साधारण ८०० फेऱ्या घेतो. म्हणजे मिनिटाला १६०० स्फोट. एकेका सिलिंडरच्या वाट्याला ४००, सेकंदाला सहा-सात. एवढ्या गर्दीत काही स्फोट होत नाहीत, आणि मडगार्डवर हात ठेवून उभा असलेला मिस्त्री म्हणतो, "एक मारत नाही." जे झालंच नाही ते त्याला कळलं कसं?

मी वाईला राहते. आयुष्यभर संस्कृत शिकवलं, त्यात न्यायशास्त्र जास्त. आमच्या गावाला हे शास्त्र परकं नाही. इथल्या प्राज्ञपाठशाळेत शिकलेले लक्ष्मणशास्त्री जोशी १९२३ साली कलकत्त्याहून तर्कतीर्थ होऊन आले आणि ती पदवी पुढे त्यांच्या नावालाच चिकटली. वर्गात अभावाचा प्रश्न घड्याच्या रूपानं येतो. जमिनीवर घडा नाही असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय पाहतो? प्राभाकर मीमांसक सांगतात, नुसती जमीन पाहता. 'नाही' नावाची वेगळी वस्तू जगात नसते. कुमारिलांच्या परंपरेला अभाव मान्य आहे, पण त्याच्या ज्ञानासाठी अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न दिसणं, हे स्वतंत्र प्रमाण लागतं असं ती म्हणते. नैयायिकांनी अभावाला सातव्या पदार्थाचा मान दिला आणि तो इंद्रियांनीच कळतो असं ठामपणे सांगितलं. त्याला एक अट घातली: ज्याचा अभाव, ती वस्तू आधी ठाऊक हवी. तिला ते प्रतियोगी म्हणतात. ज्यानं घडा कधी पाहिला नाही, त्याला घड्याचा अभाव दिसणार नाही.

या वादात मी नैयायिकांच्या बाजूची आहे, आणि माझी साक्ष आमचे मिस्त्री देतील. माझ्या पुतण्याला आमच्या जुन्या गाडीत बसल्यावर एक मोठा खडखडाट ऐकू येतो आणि त्याला वाटतं, जुन्या गाड्या अशाच असतात. मिस्त्रींच्या कानात मात्र या इंजिनाची भरलेली लय वर्षानुवर्षांची आहे. एक, तीन, चार, दोन, या क्रमानं ते पेटतं. म्हणून त्यातली रिकामी जागा त्यांना सरळ ऐकू येते, अनुमान करावं लागत नाही. नुसती जमीन पाहणं वेगळं आणि घडा नाही हे पाहणं वेगळं, हे मला ग्रंथापेक्षा त्यांच्या कानानं जास्त पटवलं.

गाडी प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या कंपनीनं कुर्ल्याच्या कारखान्यात काढलेली, मूळ फियाट ११०० ची धाटणी, १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्स्या म्हणजे एकेकाळी हीच गाडी. त्यातली शेवटची २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेली. आमची वडिलांनी ऐंशीच्या दशकात घेतली आणि शेवटपर्यंत स्वतः चालवली. ते गेले, आणि त्याच पावसाळ्यात गाडी मिसिंग मारू लागली. वाईत, सपाटीला, ऊन पडलं असेल तर बरी चालायची. पसरणीचा घाट चढायला लागली की धक्के खायची, आणि पाचगणीच्या धुक्यात शिरली की एक सिलिंडर सरळ बसायचा.

घरी समाचाराला येणाऱ्यांनी कारणं दिली. एक आजी म्हणाल्या, मालक गेला, गाडीचं नशीब गेलं. दुसऱ्या नातेवाइकांनी घाटातल्या एका वळणाचं नाव घेतलं आणि लिंबू-मिरची बदलायला सांगितलं. तिसरे म्हणाले, देवाची इच्छा, वेळच वाईट चालू आहे, थोडं थांबा. चौथे जरा आजच्या काळातले होते, त्यांनी इथेनॉलच्या पेट्रोलला दोष दिला.

हे सगळे आमच्यावर माया करणारे लोक. शिवाय मी स्वतः देव मानते. ढोल्या गणपतीला जाते, दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालते, आणि ते मनापासून करते. म्हणून 'देवाची इच्छा', 'नशीब', 'वेळ' या उत्तरांकडे मला बाहेरून बघता येत नाही. मला प्रश्न पडतो तो आतून: देवावर श्रद्धा असलेल्या माणसानं हे उत्तर कुठे द्यावं आणि कुठे देऊ नये?

याचं सर्वात चोख उत्तर मला ज्यांनी ईश्वर सिद्ध करायला अख्खा ग्रंथ खर्ची घातला त्यांच्याकडेच मिळालं. उदयनाचार्यांची न्यायकुसुमांजली हा ईश्वरसिद्धीचा ग्रंथ. जग हे कार्य आहे, कार्याला कर्ता असतो, म्हणून जगाला कर्ता आहे, या वाटेनं न्याय ईश्वरापर्यंत पोचतो. पण पोचल्यावर त्यानं ईश्वराला कुठे बसवलं ते बघा. न्यायात कारणांची एक विभागणी आहे, साधारण आणि असाधारण. साधारण कारण म्हणजे जे प्रत्येक कार्याच्या मागे सारखंच असतं. त्यांची यादीच केलेली आहे: ईश्वर, त्याचं ज्ञान, त्याची इच्छा, त्याचा प्रयत्न, कार्याचा प्रागभाव (म्हणजे ते होण्याआधीचं त्याचं नसणं), काळ, दिशा आणि अदृष्ट, म्हणजे ज्याला आपण नशीब म्हणतो ते. अशी आठ, काहीजण प्रतिबंधकाचा अभाव धरून नऊ करतात. माझ्याकडे झळकीकरांच्या न्यायकोशाची वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली, भांडारकर संस्थेची १९२८ ची आवृत्ती आहे. त्या आजी घरी परतल्यावर मी त्यात ही यादी काढून वाचत बसले. ईश्वराची इच्छा, काळ, अदृष्ट: समाचाराला आलेल्यांनी एकेक करून तीच कारणं सांगितली होती. आणि शास्त्राच्या दृष्टीनं त्यातलं एकही खोटं नव्हतं. ती सगळी कारणं होतीच. एक नंबरचा सिलिंडर पेटत होता त्यालाही ती होती, दोन नंबरला होती, चार नंबरला होती.

म्हणून तीन नंबर का पेटत नाही, याचं उत्तर त्यात असू शकत नाही. जे चौघांना सारखं, ते एकाच्या वेगळेपणाचं कारण कसं होईल? न्यायाच्या श्रद्धेतली ही शिस्त मला फार मोलाची वाटते. त्यांनी ईश्वराला प्रत्येक कार्यात हजर ठेवलं, आणि त्याच वेळी कुठल्याही एका कार्याची चौकशी त्याच्या नावावर बंद करायला मनाई केली.

मिस्त्रींनी ग्रंथ वाचलेला नाही, पण बोनेट उघडल्यापासून ते याच विभागणीनं चालतात. आधी सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला. फुसका ठराविक अंतरानं येतो की कसाही? कसाही येत असेल तर दोष चौघांच्या सामायिक वस्तूत शोधायचा: कार्बोरेटर, पेट्रोल, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर. ठराविक येत असेल तर एका सिलिंडरच्या खासगी वस्तूत. आमचा ठराविक येत होता. इथेनॉलवाल्यांचं म्हणणं इथेच निकालात निघालं. ते पेट्रोल जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना मानवत नाही हे खरं, पण ते चौघांनाही एकाच कार्बोरेटरमधून जातं.

मग त्यांनी रबरी मुठीची पक्कड घेतली आणि चालू इंजिनावर प्लगची एकेक वायर उचलली. (हे पॉइंटवाल्या जुन्या गाडीतच करावं. नव्या गाड्यांत असं केलं तर महागडी इलेक्ट्रॉनिक्स जळू शकते.) एक नंबरची उचलली, आवाज पडला. पुन्हा लावली. दोनची उचलली, पडला. तीनची उचलली.

"पडला का, बाई?"

"नाही."

"न्हाईच पडणार. त्यो आधीच मेलाय."

चारची उचलली, पडला. ते असताना हे असतं, ते नसताना हे नसतं, या अन्वयव्यतिरेकानं न्याय कार्यकारण ठरवतो. इथे मिस्त्रींनी मुद्दाम एकेक अभाव तयार करून पाहिला. ज्याचा अभाव केल्यानं काहीच बदललं नाही, तो आधीपासून अभावच होता.

आता एका सिलिंडरचा प्रश्न राहिला. पेटायला तीन गोष्टी लागतात: हवा-पेट्रोलचं बरोबर मिश्रण, दाब, आणि वेळेवर ठिणगी. चौथी नाही. त्यामुळे दोन बाद झाल्या तर तिसरी उरते. याला शास्त्रात परिशेष म्हणतात. न्यायभाष्यकार वात्स्यायनांनी शब्द हा गुण आहे हे याच रीतीनं, द्रव्य नाही, कर्म नाही, असं वगळत सिद्ध केलं. या रीतीचं सगळं बळ यादी पुरी असण्यावर असतं. अर्धवट यादीतून वगळत गेलेला माणूस आत्मविश्वासानं चुकीच्या जागी पोचतो, आणि गॅरेजांत असे पुष्कळ भेटतात.

तीन नंबरचा प्लग काढला तर तो काळा आणि पेट्रोलनं ओला. माझ्याजवळ उभ्या असलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकानं लगेच सांगितलं, प्लग गेलाय, नवा टाका. मिस्त्रींनी नवा टाकला नाही. दोनचा प्लग तीनला लावला आणि तीनचा पुसून दोनला. गाडी सुरू केली. दोन व्यवस्थित मारत होता, तीन अजूनही गप्प. म्हणजे प्लग काळा होता तो स्फोट न झाल्यामुळे. न जळलेलं पेट्रोल त्याच्यावर बसलं होतं. जे कार्य होतं ते कारण म्हणून पुढे आलं होतं. माणसांच्या बाबतीत आपण हे किती सहज करतो. मूल वर्गात मागे पडतं, मग गप्प होतं, आणि आपण लिहितो की मूल गप्प असल्यामुळे मागे पडतं.

विश्वनाथ पंचाननांच्या ग्रंथात अन्यथासिद्धांची चर्चा आहे, म्हणजे कार्याच्या आधी हजर असूनही कारण नसलेल्यांची. त्यातलं कुंभाराचं गाढव विद्यार्थ्यांच्या कायम लक्षात राहतं. घड्यासाठी माती त्यानंच वाहून आणली, घडा होताना ते अंगणात उभंही होतं, पण घड्याचं कारण ते नव्हे. माती दुसऱ्या कशावरूनही येऊ शकली असती. वडिलांचं जाणं आणि गाडीचं बिघडणं एकाच पावसाळ्यात झालं. एकामागून एक झालेलं एकामुळे दुसरं झालं असं वाटणं फार स्वाभाविक आहे, आणि दुःखात तर जास्तच. कारण त्यामुळे गेलेल्या माणसाचा आणि मागे राहिलेल्या वस्तूचा धागा तुटत नाही. मी त्या आजींना तेव्हा काही बोलले नाही. आजही बोलणार नाही. पण बोनेटखाली ते कारण चालत नाही.

दाब मोजला. चारही सिलिंडर १२० पौंडांच्या आसपास, एकमेकांना धरून. म्हणजे व्हॉल्व्ह जळलेला नाही, रिंगा गेलेल्या नाहीत, हेड गॅस्केट फुटलेलं नाही. टॅपेटची फट फिलर गेजनं पाहिली, ठीक. तीन नंबरच्या बाजूला मॅनिफोल्डच्या सांध्यावर साबणाचं पाणी सोडून पाहिलं, हवा ओढत नव्हता. मिश्रण गेलं, दाब गेला, उरली ठिणगी.

आणि इथे ठिणगी दिसली! वायर प्लगला जोडून प्लग इंजिनाच्या अंगाला टेकवला, स्टार्टर मारला, तर निळी ठणठणीत ठिणगी. परिशेषानं आणून सोडलेल्या जागीही दोष दिसेना. यादी पुरी होती आणि तिन्ही गोष्टी शाबूत दिसत होत्या. पुष्कळ मिस्त्री इथे हात टेकतात. मग 'जुनी गाडी आहे, चालायचंच' असं म्हटलं जातं, आणि तेही एक साधारण कारणच.

'दिसत नाही म्हणून नाही' या विधानावर उदयनांनी चार्वाकाला जे सुनावलं ते वाचण्यासारखं आहे. न दिसणं एवढ्यावर जर वस्तू नाही असं ठरत असेल, तर घराबाहेर पडलेल्या चार्वाकाला बायकामुलं दिसत नाहीत. मग त्यानं ती मेली म्हणून छाती पिटून रडायला हवं. म्हणून न्याय फक्त योग्य अनुपलब्धी मानतो. वस्तू असती तर या परिस्थितीत ती दिसलीच असती, असं म्हणता येत असेल तरच तिचं न दिसणं हा तिच्या नसण्याचा पुरावा. मिस्त्रींनी स्वतःला नेमका हाच प्रश्न विचारला. मोकळ्या हवेत प्लगच्या टोकांमधली फट ओलांडायला विजेला फारसा जोर लागत नाही. सिलिंडरच्या आत मिश्रण दाबलेलं असतं. तिथे तीच फट ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. आणि चढावर, ॲक्सिलरेटर दाबलेला असताना, आणखी जास्त. म्हणजे बाहेर ठिणगी दिसली यावरून आत ती पडते असं ठरत नाही, आणि बाहेर दोष दिसला नाही यावरून दोष नाही असंही ठरत नाही. दोष असता तर इथे दिसलाच असता, असं म्हणायची ही जागा नव्हती.

मग न्यायातला आणखी एक विषय आठवतो, प्रतिबंधकाचा. आग आहे, लाकूड आहे, दोघं एकमेकांना भिडलेली आहेत, तरी जळत नाही. कारण जवळ चंद्रकांत मणी ठेवला आहे. मीमांसक म्हणतात, मण्यानं आगीतली जाळण्याची शक्ती नाहीशी केली. नैयायिक म्हणतात, शक्ती नावाचं वेगळं काही मानायची गरज नाही. अडथळ्याचा अभाव हेही कारणसामग्रीत धरा, म्हणजे झालं. असा मणी मी पाहिलेला नाही, पण युक्तिवाद अस्सल आहे. सगळी कारणं हजर असून कार्य होत नसेल, तर आणखी कारण आणून ओतू नका, अडवणारं काय आहे ते शोधा. नवा प्लग, नवी कॉइल, नवी बॅटरी असं एकेक बदलत जाणाऱ्या गॅरेजला हा सल्ला कोणीतरी द्यायला हवा. प्रत्येक नवी वस्तू हे आणखी एक कारण असतं, आणि अडथळा जागचा हलत नाही.

मिस्त्रींनी शटर ओढून घेतलं, दिवा घालवला आणि डिस्ट्रिब्युटरच्या टोपणावर फडक्यानं जरासा ओलावा लावला. इंजिन चालू होतं. अंधारात टोपणाच्या तीन नंबरच्या टॉवरपासून खाली क्लिपपर्यंत एक निळा धागा थरथरताना दिसला. दिवा लावून टोपण काढलं, तर तिथे पेन्सिलीनं ओढावी तशी बारीक काळी रेघ. बॅकेलाइट जळून झालेल्या कोळशाची वाट. कॉइल १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करते, आणि त्या विजेला दोन वाटा होत्या: प्लगमधून किंवा या रेघेवरून. बाहेर काढलेल्या प्लगची वाट सोपी, म्हणून तिथे ठिणगी झकास. दाबलेल्या सिलिंडरमधली वाट कठीण, म्हणून ती रेघेवरून जमिनीला जायची. दमट हवेत रेघ आणखी सोपी. सपाटीला ऊन असताना गाडी बरी का होती, घाटात का बसायची, धुक्यात का मरायची, या तिन्हींचा उलगडा एका रेघेत झाला. घाटातल्या त्या वळणाचाही झाला, कारण खालून येताना ढग अंगावर येतात ते तिथेच.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. ईश्वर, काळ, दिशा सर्वांना सारखे, हे कबूल. अदृष्ट मात्र सारखं कसं? ते तर ज्याच्या त्याच्या कर्माचं, प्रत्येकाचं वेगळं. उदयनांनीच अदृष्ट सिद्ध करताना जगातल्या वैचित्र्याचा आधार घेतला आहे: सारखेच कष्ट केलेल्या दोघांना सारखं फळ का मिळत नाही? मग एका सिलिंडरचं नव्हे, पण एका माणसाचं वेगळेपण 'नशीब' या शब्दानं का सांगू नये?

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. कणादांच्या वैशेषिक सूत्रांत अदृष्टाला दिलेली कामं पाहिली की चकित व्हायला होतं. लोहचुंबकाकडे सुई सरकते ती अदृष्टामुळे, आगीची ज्वाळा वर जाते तीही अदृष्टामुळे. ज्या कॉइलवर आमची गाडी चालते ती सगळी चुंबकत्वावर उभी आहे. पॉइंट उघडतो, कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि त्यातून ठिणगीची वीज निघते. कणादांनी जिथे अदृष्ट लिहिलं, तिथे आज मिस्त्री फिलर गेज घालून फट मोजतात. यात मला कणादांचा कमीपणा वाटत नाही. दिसणारं कारण जिथे सापडलं नाही, तिथे त्यांनी प्रामाणिकपणे तसं नोंदवलं. पुढच्या शास्त्रकारांनी नियमच करून ठेवला की दृष्ट कारण संभवत असताना अदृष्ट कल्पू नये. आणि अदृष्ट मानलं तरी ते हवेतून येत नाही, दृष्ट कारणांच्या हातानंच काम करतं. गीतेच्या अठराव्या अध्यायातही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत. त्यात दैव पाचवं. आधीची चार मोजल्याशिवाय पाचव्यावर जाता येत नाही, असं मी तो श्लोक शिकवताना सांगत असे.

हे सगळं एका जुन्या गाडीपुरतं असतं तर मी लिहायला बसले नसते. घाटात बस दरीत जाते. दुसऱ्या दिवशी चौकात लोक म्हणतात, काळ आला होता. काळ हे साधारण कारण. त्याच रस्त्यानं त्याच रात्री सुखरूप उतरलेल्या बसलाही तोच काळ होता. ब्रेक कधी तपासले होते, टायर किती घासलेले होते, चालक किती तास झोपलेला नव्हता, कठडा किती दिवस तुटलेला होता, हे प्रश्न 'काळ आला होता' या वाक्याखाली गाडले जातात, आणि पुढच्या पावसात तोच कठडा तसाच तुटलेला असतो. बाळंतपणात मुलगी जाते आणि तेवढंच आयुष्य होतं असं म्हटलं जातं. तिच्या अंगातलं रक्त किती महिने कमी होतं, दवाखान्यापर्यंत गाडी का मिळाली नाही, हे कोणी विचारायचं? देवाचं नाव घेऊन चौकशी थांबवणं हा मला देवाचा अपमान वाटतो. ज्या ग्रंथांनी त्याला सिद्ध केलं, त्यांनी त्याला ही जागा दिलेली नाही.

आणि तरीही समाचाराच्या खोलीत 'प्रारब्ध' हा शब्द चुकीचा नाही. वडील गेले तेव्हा तो मला आधार वाटला. तिथे कोणी कारण मागत नव्हतं, मीही नाही. गेलेल्या माणसाच्या घरी बोललेलं वाक्य पाठीवर ठेवलेल्या हातासाठी असतं. तेच वाक्य चौकशीच्या अहवालात, दवाखान्याच्या नोंदवहीत किंवा शाळेच्या प्रगतिपुस्तकात गेलं की खोटं होतं. शब्द तेच राहतात, त्यांच्याकडून मागितलेलं काम बदलतं.

आमचे मिस्त्री माळकरी आहेत. आषाढीच्या वारीला लोणंदपासून चालतात, तेवढे दिवस गॅरेजला कुलूप. रोज सकाळी विठोबाच्या तसबिरीला उदबत्ती लावल्याशिवाय पान्याला हात लावत नाहीत. पण मी त्यांना बोनेटवर वाकलेलं असताना 'विठोबाची मर्जी' म्हणताना ऐकलेलं नाही. हे दोन्ही एका माणसात कसं नांदतं, असं मला पूर्वी कुणी विचारलं असतं तर मी उदयनांकडे बोट दाखवलं असतं. आता मिस्त्रींकडे दाखवते.

नवं टोपण बसवलं, गाडी एकसारखी चालू लागली. मी पैसे द्यायला पाकीट काढलं, पण ते जुनं टोपण हातात फिरवत होते. रेघ का पडली, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. टोपण जुनं झालं म्हणून, असं मी म्हटलं. ते म्हणाले, जुने तर चारही टॉवर झालेत. मग तीनच्याच टॉवरवर का?

त्यांनी तीन नंबरची वायर धरली आणि मला टोपणापासून प्लगपर्यंतचा ताण दाखवला. पूर्वी कधीतरी कोणीतरी बदललेली, मापाला तोकडी. इंजिन हललं की टॉवरमधून किंचित वर सरकायची, आत फट पडायची, वीज ती फट ओलांडायला उडी मारायची आणि दर उडीला टोपण थोडं जळायचं. ती वायर त्यांनी काढून टाकली. मग उरलेल्या तिन्ही वायरी बोटानं चाचपल्या. एक ठीक, दोन ठीक. चारची ओढून पाहिली आणि माझ्याकडे वळले.

"बाई, ही बी तोकडीच हाय. आज चालतीया. बदलू?"

मी म्हटलं, बदला.